जगत्शेठांची पेढी आणि प्लासीचा हिशेब

काही नावे माणसाची न राहता दुर्गुणाची होतात. बंगालमध्ये ‘मीर जाफर’ म्हणजे फितूर, एवढाच अर्थ आज उरला आहे. परंतु प्लासीच्या कटात केवळ एक सेनापती नव्हता. त्यामागे एक पेढीही उभी होती आणि ती आपल्याच जैन समाजातील होती. म्हणूनच हा इतिहास आपण डोळे मिटून ओलांडू नये.

राजस्थानातील नागौरहून हीरानंद साहू सतराव्या शतकात पाटण्याला आले. त्यांचे पुत्र माणिकचंद यांनी मुर्शिदाबादेत पेढीचा जम बसविला. १७२३ मध्ये बादशहा मुहम्मदशहाने फतेहचंद यांना ‘जगत्शेठ’ हा किताब दिला. बंगालचा महसूल याच पेढीतून दिल्लीला जाई, टांकसाळीवर तिचेच वर्चस्व असे आणि तिची हुंडी दूरदूरच्या बाजारांत वटत असे. १७४२ मध्ये मराठी फौजेने मुर्शिदाबादेवर छापा घालून ही कोठी लुटली. तरीही पेढी डगमगली नाही. तिजोरी रिती झाली, पण पत शाबूत होती.

पुढे फतेहचंदांचे नातू महताबराय आणि स्वरूपचंद गादीवर असताना सिराजउद्दौला नवाब झाला. तो तरुण आणि उतावळा होता. त्याने महताबराय यांचा भर दरबारात अपमान केल्याचे सांगितले जाते. तो सल खोल गेला आणि शेठ इंग्रजांच्या कटात सामील झाले. शेठांवाचून इंग्रजांना हे कधीच साधले नसते, असे त्या वेळी बंगालमध्ये असलेल्या झां लॉ या फ्रेंच अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे.

२३ जून १७५७. क्लाइव्हजवळ सुमारे तीन हजार माणसे होती, नवाबाकडे पन्नास हजारांच्या आसपास. निष्ठावान मीर मदन पडला, तेव्हा सिराजने आपली पगडी मीर जाफरपुढे ठेवून रक्षणाची याचना केली. त्याने शब्द दिला, आणि आपली फौज जागची हलू दिली नाही. काही तासांत बंगाल गेला.

आता हिशेब पाहू. मध्यस्थ व्यापारी अमीचंद याने गुपित राखण्याची किंमत मागितली होती. क्लाइव्हने दोन करारपत्रे केली, एक पांढऱ्या कागदावर, खरे. दुसरे तांबड्यावर, खोटे. अमीचंदचा वाटा फक्त तांबड्या कागदात होता, आणि त्यावरील ॲडमिरल वॉटसनची सही बनावट होती. विजयानंतर त्याच्या हाती काहीच आले नाही. मीर जाफरला कंपनीने १७६० मध्ये गादीवरून उतरविले, गरज पडताच पुन्हा बसविले. १७६५ मध्ये तो नामधारी नवाब म्हणूनच वारला. जगत्शेठांचा शेवट त्याहून करुण झाला. १७६३ मध्ये नवाब मीर कासिमने दोघा शेठांना मुंगेरला नेले आणि कंपनीकडून पराभव होऊ लागताच ठार केले. कंपनीला तर कलकत्त्यात स्वतःची टांकसाळ मिळाली होती. १७६५ मध्ये महसुलाचा अधिकारही मिळाला. मग तिला शेठांची गरज काय?

याच घराण्याने १७६८ मध्ये शिखरजीवरील मंदिरांचा जीर्णोद्धार केला. ते पुण्यकार्य आपण कृतज्ञतेने स्मरतो. पण एकाच्या उजेडात दुसरे झाकू नये.

शेठांवर अन्याय झाला होता, हे खरे. तथापि अन्यायाचा प्रतिकार वेगळा आणि विश्वासघात वेगळा. ज्या राज्यव्यवस्थेवर पेढीची पत उभी होती, तीच त्यांनी परक्याच्या हाती दिली. ज्या फांदीवर बसले, तिच्यावरच कुऱ्हाड चालविली.

आपल्या आचार्यांनी श्रावकाच्या सत्याणुव्रताचे अतिचार सांगताना खोटा लेख करणे, ठेव लाटणे आणि इतरांचे गुपित फोडणे यांचा स्पष्ट उल्लेख केला आहे. हे जणू व्यापाऱ्यासाठीच सांगितले असावे. आपल्यापुढे प्लासी नाही. पण भागीदारीत मन दुखावले की प्रतिस्पर्ध्याला भाव कळविणारा भागीदार, भावावरच्या रागापोटी घरची वही परक्यापुढे उघडणारा भाऊ आजही दिसतो. घेणारा त्या क्षणी आदराने आसन देतो. पण त्याच क्षणी मनाशी नोंदही करतो, की हा माणूस विकत मिळतो. अशा माणसाची हुंडी पुन्हा कोण स्वीकारणार?