काचबिंदू : डोळ्यातील दाब आणि औषधाचे थेंब

कुंभकोणमजवळचे तिरुविसनल्लूर असो वा महाराष्ट्रातले एखादे गाव, वयस्क माणसाला कमी दिसू लागले की घरचे म्हणतात, 'मोतीबिंदू असेल, पिकू द्या.' मोतीबिंदूत गढूळ झालेले भिंग काढता येते. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील (१७९८–१८३२) नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, इतका तो उपचार या भागात जुना. काचबिंदूत मात्र दृष्टीची नस बिघडते आणि मेलेले तंतू परत येत नाहीत. बहुधा कडेची नजर आधी जाते, म्हणून रुग्णाला पत्ता लागत नाही. दक्षिण तमिळनाडूच्या ग्रामीण भागात अरविंद नेत्र रुग्णालयाने केलेल्या पाहणीत (२००३) चाळिशीपुढच्या २.६ टक्के लोकांना काचबिंदू आढळला. बहुतेकांना तो आधी ठाऊकच नव्हता.

आता टाकीचे गणित आठवा. डोळ्यात मिनिटाला साधारण २.४ मायक्रोलिटर द्रव तयार होतो. निचऱ्याची क्षमता, दर मिमी पारा दाबाला मिनिटाला ०.३ मायक्रोलिटर धरू. २.४ भागिले ०.३ म्हणजे ८; त्यात बाहेरच्या शिरांतील दाब ८ मिळवा. डोळ्याचा दाब १६ मिमी पारा. निचरा निम्म्यावर आला तर तोच २४ होतो. (दाब 'नॉर्मल' असूनही काचबिंदू होतो, तेव्हाही दाब उतरवणे हाच उपाय.)

औषधे याच समीकरणात हात घालतात. टिमोलॉल नळ आवळते, म्हणजे द्रवाची निर्मिती घटवते. लॅटॅनोप्रोस्ट निचऱ्याची दुसरी वाट मोकळी करते. रात्री एकच थेंब, दाब सुमारे पाव ते एक तृतीयांश उतरतो. थेंबांनी नजर वाढत नाही, उरलेली टिकते. 'फरक पडत नाही' म्हणून बाटली बंद करणारे इथेच फसतात.

थेंब एकच पुरे. डोळ्यात जास्त मावतच नाही. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरा, नाहीतर औषध नाकावाटे रक्तात जाते. टिमोलॉलच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. दमा असेल किंवा हृदयाचे ठोके मंद असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा. दोन औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्या.

आणखी एक. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर निचरा तुंबून दाब चढू शकतो. घरातली अशी बाटली आजच तपासा. आईवडिलांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर भावंडांसह स्वतःच्या डोळ्यांचा दाब आणि नस दोन्ही तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढताना ही तपासणी होतेच असे नाही.