‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे न पेटणारे नव्हे!

पेट्रोलच्या टँकरवर ठळक अक्षरांत लिहिलेले ‘हायली इन्फ्लॅमेबल’ हे शब्द महामार्गावर अनेकांच्या दृष्टीस पडतात. थिनर किंवा स्पिरिटच्या डब्यावर मात्र बऱ्याचदा ‘फ्लॅमेबल’ असे छापलेले असते. इंग्रजीत ‘व्हिजिबल’चे ‘इनव्हिजिबल’ आणि ‘करेक्ट’चे ‘इनकरेक्ट’ होते. त्याच न्यायाने ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे पेट न घेणारे, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो जिवावर बेतू शकतो. वस्तुतः दोन्ही विशेषणांचा अर्थ एकच, तो म्हणजे ज्वालाग्राही.

या घोटाळ्याचे मूळ लॅटिन भाषेत आहे. तेथे ‘इन’ हे उपसर्ग दोन आहेत. एक नकार दर्शवतो, तर दुसरा ‘आत’ असा अर्थ देतो किंवा क्रियेला जोर आणतो. पेटवणे या अर्थाच्या ‘इन्फ्लामारे’ या लॅटिन क्रियापदात दुसरा ‘इन’ आहे आणि ‘इन्फ्लॅमेबल’ हा शब्द तेथूनच आला. मराठीतील ‘वि’ या उपसर्गाचेही असेच आहे. ‘विफल’ म्हणजे फळाविना. पण ‘विशुद्ध’ म्हणजे शुद्धतेविना नव्हे, तर विशेष शुद्ध.

‘इन्फ्लॅमेबल’ हा शब्द इंग्रजीत सुमारे ४०० वर्षांपासून रूढ आहे. ‘फ्लॅमेबल’ आला तो एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी. विसाव्या शतकात ज्वालाग्राही मालाची वाहतूक वाढली, तसा गैरसमजाचा धोकाही वाढला. त्यामुळे अमेरिकेतील ‘नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन’ने १९२० च्या दशकात ‘फ्लॅमेबल’चाच आग्रह धरला. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातही आज हाच शब्द वापरला जातो.

मग पेट न घेणाऱ्या वस्तूला काय म्हणावे? त्यासाठी ‘नॉनफ्लॅमेबल’ हा शब्द आहे. लेखनात आणखी एक भेद ध्यानी ठेवावा. ‘फ्लॅमेबल’ प्रामुख्याने पदार्थांसाठी वापरतात. ‘इन्फ्लॅमेबल’ मात्र चटकन भडकणाऱ्या स्वभावालाही लावता येतो. चिथावणीखोर भाषणाला लागणारे विशेषण ‘इन्फ्लमेटरी’ हे आहे, ‘इन्फ्लॅमेबल’ नव्हे.

थोडक्यात, डब्यावर यांपैकी कोणताही शब्द असो, ‘नॉन’ नसेल तर काडी, विडी आणि शेगडी दूरच ठेवावी. लाल चौकोनातील ज्योतीचे चिन्हही तेच सांगत असते.