टायर बसला, पण चाक अडले

स्मरणिकेसाठी लेख द्या, पण वैद्यकीय विषय नको, अशी संपादक मंडळाची प्रेमळ अट आहे. म्हणून माझ्या डाव्या मनगटाची हकिगत सांगतो. आपल्यातील अस्थिरोगतज्ज्ञ मित्राला ती ठाऊक आहे, कारण प्लास्टर त्यानेच घातले. ‘पावसात घसरलो’ एवढेच मी सर्वांना सांगत आलो. ते अर्धसत्य होते. पाऊस निमित्तमात्र होता. कारण मी स्वतःच्या हाताने सायकलला बसवले होते.

पन्नाशी उलटली, रक्तातील साखर काठावर आली आणि मी डोंगरी सायकल घेतली. साडेसत्तावीस इंची चाके, सव्वादोन इंचांपेक्षा थोडे अरुंद, म्हणजे 2.1 इंची टायर. रविवारी पहाटे कधी राकसकोपचा जलाशय, कधी येळ्ळूरचा राजहंसगड असा क्रम सुरू झाला. पण कच्च्या वाटेवर पाठ दुखे. टायर रुंद असला की हवेचा दाब कमी ठेवता येतो, पकड वाढते आणि धक्के कमी बसतात, हे वाचनात आले होते. पुण्याला असलेल्या मुलाने वाढदिवसाला 2.6 इंचांची जोडी पाठवली आणि मी ती उत्साहाने घेऊन आमच्या सायकलवाल्या मामांकडे गेलो.

तत्पूर्वी टायरच्या मापांचा अभ्यास मी परीक्षेला बसल्यासारखा केला होता. हे शास्त्र मोठे मजेदार आहे. आपल्या वडिलांच्या काळ्या सायकलचे चाक अठ्ठावीस इंची म्हणत. त्या 28 × 1½ टायरच्या रिमचा व्यास 635 मिमी. आजच्या एकोणतीस इंची डोंगरी सायकलच्या रिमचा व्यास मात्र 622 मिमी! एकोणतीस हे अठ्ठाविसापेक्षा लहान कसे? कारण इंचांतला आकडा रिमचा नसून हवा भरलेल्या टायरच्या बाहेरच्या व्यासाचा असतो, आणि तोही अंदाजे. 1933 साली अमेरिकेत श्विन कंपनीने जाड ‘बलून’ टायर आणले. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातील तरुण त्याच जातीच्या जुन्या सायकली माउंट टॅमलपायस डोंगराच्या उतारावरून पिटाळू लागले आणि त्यातून डोंगरी सायकल जन्मली. म्हणून पहिली कित्येक वर्षे तिचे चाक सव्वीस इंचीच, म्हणजे 559 मिमी रिमचे राहिले. साडेसत्तावीसचे रिम 584 मिमी. तेच जुने फ्रेंच ‘650 बी’. गंमत अशी की 26 × 1⅜ असे अपूर्णांकात लिहिलेले रिम 590 मिमी असते. नाव सव्वीसच, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही.

या गोंधळावर उतारा म्हणून टायरच्या कडेवर मिलिमीटरमधले दोन आकडे छापलेले असतात. माझ्या जुन्या टायरवर 54-584 होते, नव्यावर 66-584. दुसरा आकडा रिमचा. तो जुळलाच पाहिजे. तो जुळला आणि मी विजयी मुद्रेने मामांकडे पाहिले. पहिल्या आकड्याकडे मी पाहिलेच नाही. तो रुंदीचा असतो, आणि त्याचा संबंध रिमपेक्षा फ्रेमशी अधिक असतो.

मामांनी टायर चढवला, चाक फिरवून पाहिले आणि एवढेच म्हणाले, “बसतंय हो डॉक्टर. खरं पावसात चिखल कुठं जायचा?”

मी हसलो. आमच्याकडे येणारे पालक आमच्या सल्ल्यावर कधी कधी हसतात, अगदी तसेच.

आता साधे गणित पाहा. मागचे चाक ज्या दोन नळ्यांमधून फिरते, त्यांच्यातील अंतर माझ्या सायकलीत पॅडलच्या आसाजवळ, जिथे ते सर्वांत अरुंद आहे, 70 मिमी होते. 54 मिमीच्या टायरला दोन्ही बाजूंस आठ-आठ मिमी मोकळीक होती. 66च्या टायरला उरली दोन-दोन. स्टँडवर चाक निर्वेध फिरे. पण रस्ता म्हणजे स्टँड नव्हे. चाकात थोडा आऊट येतोच. उभे राहून जोर लावला की चाक आणि फ्रेम दोन्ही किंचित लवतात. नवा टायर हवा भरल्यावर पहिला दिवसभर जरा फुगतो. रुंद रिमवर तोच टायर अधिक रुंद भरतो. यांतले प्रत्येक कारण एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचे, पण माझ्यापाशी शिल्लकच दोन होती.

चढावर मागून खर्र खर्र आवाज येऊ लागला. ब्रेक घासत असेल, असे मी स्वतःला समजावले. तीन आठवडे ताप अंगावर काढून आलेल्या पालकांवर मी किती रागावलो असतो!

जुलैतल्या एका रविवारी राजहंसगडावरून उतरताना आपल्या भागातली ती चिकट माती टायरच्या गुट्ट्यांमध्ये भरली, नळ्यांपाशी थापली गेली आणि मागचे चाक एकाएकी अडले. सायकल आडवी झाली, मी हात टेकला. पुढचे आपण सर्व जाणताच.

मनगटाचे दुःख सहा आठवड्यांचे होते. खरे दुःख चौथ्या दिवशी झाले. रुग्णालयात अपुऱ्या दिवसांचे एक बाळ आले. शीर सापडेना. माझा एक हात प्लास्टरमध्ये. मी बाजूला उभा. आमच्या तरुण सहकारिणीने तिसऱ्या प्रयत्नात सुई घातली. बाळ सुखरूप घरी गेले. पण त्या दोन फसलेल्या प्रयत्नांच्या वेळी माझ्या मनात माझे ते हसणे येत होते.

प्लास्टर निघाल्यावर सायकल उलटी करून पाहिली. आतल्या बाजूचा रंग उडून अॅल्युमिनियम चकाकत होते. टायरला चिकटलेल्या रेतीने सँडपेपरचे काम केले होते. सुदैवाने खाच पडली नव्हती. आणखी एक पावसाळा गेला असता तर नळीच झिजली असती.

डोंगरी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 4210 मध्ये, टायर आणि फ्रेम यांच्यात किमान 6 मिमी अंतर अपेक्षित आहे. आपण बालरोगतज्ज्ञ ही गोष्ट रोज बोटाने चाचपतो. नवजात बालकाची टाळू पाहून आई घाबरते, ‘इथे हाड का नाही?’ आपण सांगतो, ती उणीव नव्हे. मेंदूला वाढायला ठेवलेली जागा आहे. सायकलीतली ती सहा मिलिमीटरची पोकळीही अशीच कामाची आहे. तिथे चिखलाला वाट मिळते, चाकाला लवायला जागा मिळते.

आता माझ्या सायकलला 57-584, म्हणजे सव्वादोन इंची टायर आहे. दोन्ही बाजूंस साडेसहा मिमी. मोजायला फूटपट्टी लागत नाही. सायकलच्या हत्यारांत 6 मिमीची अॅलन की असतेच. ती टायर आणि फ्रेम यांच्यामधून सहज फिरली तर ठीक. मात्र ती चारही ठिकाणी फिरवावी : पॅडलच्या आसाजवळच्या नळ्यांत, सीटखालच्या नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीपाशी, सीटच्या उभ्या नळीपाशी आणि पुढच्या चिमट्याच्या कमानीखाली.

गेल्या पावसाळ्यात तपासणीला आलेला चौदा वर्षांचा एक मुलगा नव्या रुंद टायरचे कौतुक सांगत होता. मित्रांबरोबर चोर्ला घाटात जायचा बेत होता. मी त्याचा कागद बाजूला ठेवला, खाली उतरलो आणि त्याच्या सायकलीत अॅलन की घालून पाहिली. आत शिरेना.

“पण बसलाय ना डॉक्टरकाका,” तो म्हणाला.

मी त्याला माझे मनगट दाखवले. ते अजूनही पूर्ण वळत नाही. त्या आठवड्यात त्याने जुने टायर परत चढवले आणि मग घाटात गेला. परत आल्यावर चिखलाने माखलेली सायकल दाखवायला तो मुद्दाम दवाखान्यात आला होता. चाक मात्र फिरत होते.