टेंगूळ आलं, म्हणजे बरं?

9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जाताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. रोज डोंबिवलीहून गाडी पकडणाऱ्याला ते वळण अंगाला ठाऊक आहे. अशा वेळी रक्तबंबाळ माणसाकडे सगळे धावतात. मला बोलायचंय ते कपडे झटकून उठणाऱ्याबद्दल.

'मुका मार आहे. टेंगूळ बाहेर आलं ना, मग आत काही नाही!' हे आपल्याकडचं घरगुती निदान. पण टेंगूळ म्हणजे कातडीखाली साचलेलं रक्त. कवटीच्या आतली खबर त्याला कुठली? कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. हाड तडकून ती फाटली, की रक्त कवटी आणि मेंदूच्या आवरणाच्या मध्ये साचू लागतं. सुरुवातीला मेंदूभोवतीचं पाणी सरकून जागा करून देतं; म्हणून माणूस चहा पितो, घरी फोनही करतो. जागा संपली की दाब झपाट्याने चढतो.

म्हणूनच डॉक्टर तेच ते प्रश्न पुन्हा विचारतात. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्ये त्यासाठी मोजपट्टी दिली. आज तिच्यात डोळे उघडण्याला 4 पर्यंत गुण, बोलण्याला 5, हालचालीला 6. काहीच प्रतिसाद नसला तरी 3 मिळतात, शून्य नाहीच.

'काका, आत्ता कुठे आहात?' 'हॉस्पिटलात.' पाच. तासाभराने तोच प्रश्न, आणि काका म्हणतात, 'दादरला, ऑफिसात.' चार. घरच्यांना हसू येतं. नर्स मात्र डॉक्टरांना हाक मारते. मग डोळ्यांवर बॅटरी. एकच बाहुली मोठी आणि प्रकाशाने आकसत नसेल, तर आतला दाब डोळ्याच्या नसेपर्यंत पोचलेला असू शकतो. मग सीटी स्कॅन आणि ऑपरेशन यांना उशीर करायचा नसतो. गुणांची बेरीज 8 किंवा त्याखाली आली, तर श्वासनळीत नळी घालण्याची तयारी.

मेंदूची सूज उतरावी म्हणून पूर्वी स्टेरॉइड देत. दहा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत 2004 मध्ये दिसलं, की त्याने मृत्यू वाढतात. प्राणवायू आणि रक्तदाब पडू न देणं, हे दिसायला साधं काम जास्त मोलाचं.

प्रत्येक टेंगळाला सीटी लागत नाही. पण पासष्टी ओलांडलेली, रक्त पातळ करणारी गोळी चालू किंवा दोनदा उलटी झाली, तर थांबू नये. म्हातारपणी रक्त आठवडे आठवडे हळूहळू साचतं. आजोबा अचानक एक पाय ओढू लागले, तर महिन्यापूर्वी ते मोरीत घसरले होते, हे डॉक्टरांना न विचारता सांगा.