जुना ओपनजीएल कोड नव्या टूलकिटवर चालवताना

इमारतींचे आराखडे, वैद्यकीय स्कॅन किंवा भूस्तरांचे नकाशे दाखवणारी डेस्कटॉप सॉफ्टवेअर वीस-वीस वर्षं वापरात असतात. त्यातला त्रिमिती चित्रं काढणारा कोड बहुधा जुन्या ओपनजीएलमध्ये लिहिलेला असतो. खिडक्या, मेन्यू आणि बटणं पुरवणारं टूलकिट मात्र बदलत राहतं. क्यूटी ४ वरून क्यूटी ६ वर जाताना क्लासची नावं बदलली, कोड कंपाइल झाला, आणि खिडकी काळीच राहिली, असं सर्रास होतं. अशा वेळी संशय चित्र काढणाऱ्या कोडवर जातो. खरी अडचण बहुतेकदा वेगळी असते: ती खिडकी कोणाची, याबद्दलचं जुनं गृहीतक आता लागू पडत नाही.

जुना कोड म्हणजे कोणता?

सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीनं १९९२ साली ओपनजीएल आणलं. ‘जीएल-बिगिन’ म्हणायचं, एकेक बिंदू द्यायचा आणि ‘जीएल-एंड’नं संपवायचं, अशी ती पद्धत होती. मॅट्रिक्सची चळत आणि दिव्यांचा प्रकाश आयता मिळायचा. २००८ मध्ये आवृत्ती ३.० नं हे सगळं कालबाह्य ठरवलं, तर २००९ मध्ये ३.१ नं ते गाभ्यातून काढलं. त्याच वर्षी ३.२ नं दोन प्रोफाइल केली: फक्त नवी पद्धत मानणारं ‘कोअर’ आणि जुनं-नवं दोन्ही चालवणारं ‘कम्पॅटिबिलिटी’.

मॅकवर मात्र कम्पॅटिबिलिटी प्रोफाइल नाहीच. तिथं एकतर जुन्या पद्धतीसह २.१ घ्यायचं, नाहीतर ३.२ ते ४.१ मधलं कोअर. २०१८ च्या मोहावी आवृत्तीपासून ॲपलनं संपूर्ण ओपनजीएलच कालबाह्य म्हणून जाहीर केलं आहे.

टूलकिटनं काय बदललं?

क्यूटी ४ मधल्या ‘क्यूजीएलविजेट’ला स्वतःची खिडकी असायची आणि चित्र थेट तिच्यावर उमटायचं. २०१४ मध्ये क्यूटी ५.४ सोबत ‘क्यूओपनजीएलविजेट’ आलं. त्यात चित्र आधी पडद्याआडच्या फ्रेमबफरमध्ये तयार होतं, मग क्यूटी ते बाकीच्या विजेटांबरोबर जुळवून पडद्यावर आणतं. २०२० च्या क्यूटी ६ मधून ‘क्यूजीएलविजेट’ काढूनच टाकलं. २०१५ मध्ये जीटीके ३.१६ नं दिलेलं ‘जीटीके-जीएल-एरिया’ही असंच पडद्याआड काढतं, शिवाय कोअर प्रोफाइलच मागतं. थोडक्यात, चित्र काढणारा कोड पूर्वी घरमालक होता, आता तो भाडेकरू आहे.

नेमकं कुठं अडतं?

फ्रेमबफर शून्य: सावल्यांसाठी वेगळ्या फ्रेमबफरमध्ये काढून झालं, की जुना कोड शून्य क्रमांकाचा फ्रेमबफर जोडतो, कारण शून्य म्हणजे खिडकी. क्यूटीमध्ये आता विजेटचा फ्रेमबफर शून्य नसतो. चित्र भलतीकडे जातं आणि विजेट रिकामं दिसतं. तिथं शून्याऐवजी ‘डिफॉल्ट-फ्रेमबफर-ऑब्जेक्ट’नं दिलेला क्रमांक जोडावा.

आकार: विजेटची रुंदी क्यूटीच्या मापात मिळते, तर ‘जीएल-व्ह्यूपोर्ट’ला खरे पिक्सेल लागतात. दुप्पट घनतेच्या पडद्यावर ८०० × ६०० चं विजेट खरं तर १६०० × १२०० पिक्सेलचं असतं. हे कोडानं स्वतः गुणलं नाही, तर चित्र डाव्या खालच्या पाव भागात आक्रसतं.

कॉन्टेक्स्ट: माउस दाबल्यावर लगेच टेक्स्चर भरणारा कोड पूर्वी एकच विजेट असल्यामुळे निभावून जायचा. आता ‘पेंट-जीएल’च्या बाहेर ओपनजीएलला हात लावण्याआधी ‘मेक-करंट’ न चुकता हवं.

डॉकिंग: उपखिडकी ओढून वेगळी केली, की क्यूटी मूळ सेटिंगमध्ये नवा कॉन्टेक्स्ट बनवून ‘इनिशियलाइझ-जीएल’ पुन्हा बोलावतं. टेक्स्चर आणि बफर तिथं पुन्हा तयार व्हायला हवेत.

दुरुस्तीचा क्रम

आधी चित्राच्या कोडला हात लावू नये. विंडोज आणि लिनक्सवर कम्पॅटिबिलिटी प्रोफाइल मागावं, मॅकवर २.१. ही मागणी ॲप्लिकेशनचा ऑब्जेक्ट बनण्याआधीच डिफॉल्ट फॉरमॅट म्हणून नोंदवावी.

मग फ्रेमबफरचा क्रमांक आणि पिक्सेलमधला आकार चित्र काढणाऱ्या फंक्शनला बाहेरून द्यावा. त्या फंक्शननं टूलकिटला काहीच विचारू नये. एवढ्यावर बहुतेक कोड पुन्हा चालू लागतो, आणि पुढच्या वेळी टूलकिट बदललं तरी एकाच जागी दुरुस्ती करावी लागते.

त्यानंतर जुन्या पद्धती एकेक करून बदलाव्यात. बिंदू बफरमध्ये भरावेत, चौकोनांचे दोन-दोन त्रिकोण करावेत, मॅट्रिक्सचा हिशेब ‘क्यूमॅट्रिक्स-४-बाय-४’ किंवा ‘जीएलएम’कडे द्यावा. ‘सिलेक्ट-बफर’नं वस्तू निवडणारा कोड असेल, तर प्रत्येक वस्तू वेगळ्या रंगात पडद्याआड काढून माउसखालचा रंग वाचावा. बफर आणि शेडर २.१ मध्येही आहेत, त्यामुळे जुनं-नवं शेजारी चालतं. प्रत्येक बदलाआधीचं आणि नंतरचं चित्र ‘ग्रॅब-फ्रेमबफर’नं साठवून ताडून पाहावं.

शेवटी कोअर प्रोफाइल चालू करावं. राहिलेले जुने कॉल तिथं एरर देऊन स्वतःच समोर येतात.

थांबायचं कुठं?

सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि लिनक्सवर, क्यूटीसोबत चालणार असेल, तर कम्पॅटिबिलिटीवर थांबण्यात काही गैर नाही. मॅकवर २.१ च्या पुढची सोय हवी असेल किंवा जीटीकेवर जायचं असेल, तर कोअरपर्यंत पोचावंच लागतं. लिनक्सवर मेसामधला ‘झिंक’ ड्रायव्हर ओपनजीएलचे कॉल व्हल्कनवर चालवतो, त्यामुळे निव्वळ धास्तीपोटी सगळं नव्यानं लिहायला घेण्याची गरज नाही. मालकीची गृहीतकं मात्र दोन्ही वाटांवर दुरुस्त करावीच लागतात, म्हणून वेळ आणि पैसा आधी तिथंच घालावा.