शांतीचा अधिपती आणि मधली भिंत

नाताळच्या मध्यरात्री कॅथलिक चर्चमधून जो पहिला पाठ वाचला जातो, तो ख्रिस्तचरित्रातला नसतो. ख्रिस्तापूर्वी सात शतकांहूनही अधिक काळ आधी होऊन गेलेल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातला तो नववा अध्याय असतो. वसईच्या चर्चमधून तो मराठीत ऐकू येतो, गोव्यात कोकणीत. अंधारात चाचपडणाऱ्या लोकांना प्रकाश दिसल्याची, रणभूमी तुडविणारे जोडे आणि रक्ताने भिजलेली वस्त्रे अग्नीच्या स्वाधीन होणार असल्याची ती वार्ता. आणि तिच्या अखेरीस एका बालकाचा जन्म. त्या बालकाला दिलेल्या नावांतले शेवटचे नाव आहे 'शांतीचा अधिपती'. गव्हाणी, तारा, मेंढपाळ आणि मेणबत्त्या ह्यांच्या सान्निध्यात हे शब्द इतके कोमल वाटतात, की ते प्रथम उच्चारले गेले तेव्हा आसमंतात घोड्यांच्या टापा घुमत होत्या, ह्याचा विसर पडतो.

इसवी सनापूर्वी ७३५ च्या सुमाराची गोष्ट. यहूदाचे राज्य चिमुकले. राजा आहाज तरुण आणि भित्रा. उत्तरेकडील अराम आणि इस्राएल ह्या दोन राज्यांनी संगनमत करून त्याच्यावर चाल केली. ह्यांतील इस्राएलचे लोक तर यहूदाचे सख्खे भाऊबंद! राजाचे आणि प्रजेचे काळीज वाऱ्यात सापडलेल्या रानासारखे कापू लागले, असे ग्रंथात म्हटले आहे. राजा नगराबाहेर, वरच्या तळ्याच्या पाटापाशी, परटांच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर उभा होता. वेढा पडलाच तर पाणी पुरेल का, हे पाहण्यासाठी तो तेथे गेला असावा. यशया त्याला तेथे गाठतो, तोही आपल्या लहान मुलाचे बोट धरून. भिऊ नको, स्वस्थ राहा, असे तो राजाला सांगतो आणि इम्मानुएल नावाच्या बालकाची खूण देतो. राजाला मात्र बालकापेक्षा सैन्याचा भरवसा अधिक. त्याने मंदिरातील सोनेरुपे काढून अश्शूरच्या सम्राटाकडे धाडले आणि त्याला मदतीस बोलाविले. सम्राट आला. ७३२ मध्ये दिमिष्क पडले, ७२२ मध्ये शोमरोन पडले. आणि ७०१ मध्ये त्याच अश्शूरची फौज आहाजच्या मुलाच्या राज्यावर उलटली. यहूदाची शेहेचाळीस तटबंद नगरे घेतल्याची बढाई सन्हेरीब राजाने कोरून ठेवली आहे. त्यांपैकी लाखीश नगराचा पाडाव त्याने निनवेच्या राजवाड्यातील भिंतींवर चितारविला. ते शिलापट आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत: सुळावर चढविलेले कैदी, आणि गाड्यांवर चीजवस्तू लादून परदेशी निघालेली बायकामुले.

शांतीचे भविष्य ह्या माणसांच्या डोळ्यांदेखत सांगितले गेले. तलवारी मोडून नांगराचे फाळ घडविण्याची प्रसिद्ध कल्पनाही ह्याच ग्रंथातली. मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथातही ती जवळजवळ त्याच शब्दांत येते. तिसरा एक संदेष्टा योएल मात्र नेमके उलट, फाळ मोडून तलवारी करण्याचे आवाहन करतो! बायबलने हे दोन्ही आवाज जपून ठेवले, हे आम्हांस त्या ग्रंथाच्या प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. ही भाकिते ख्रिस्ती मंडळींनी मागाहून रचली असे मात्र म्हणता येत नाही. मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहेत १९४७ मध्ये यशयाची जी अखंड गुंडाळी मिळाली, ती सात मीटरांहून लांब असून ख्रिस्तजन्माच्या सुमारे शंभर वर्षे आधी लिहिलेली आहे.

आता खरा प्रश्न. अधिपती आला म्हणता, तर शांती कोठे आहे?

हा प्रश्न आजचा नाही. १२६३ मध्ये स्पेनमधील बार्सिलोना येथे आरागॉनचा राजा जेम्स पहिला ह्याच्या दरबारात ख्रिस्ती आणि यहुदी पंडितांचा वाद झाला. यहुदी पक्षाचे रब्बी मोशे बेन नह्मान ह्यांनी राजासमोर बेधडक सांगितले, की मसीहाच्या काळी एक राष्ट्र दुसऱ्यावर शस्त्र उचलणार नाही असे संदेष्ट्यांचे वचन आहे. पण येशूपासून आजवर जग हिंसेने आणि लुटीने भरलेले आहे, आणि रक्त सांडण्यात ख्रिस्ती लोक इतरांच्या पुढेच आहेत. समोर बसलेल्या राजाने स्वतः किती लढाया केल्या होत्या, हे सर्व दरबार जाणत होता. राजाने रब्बींना तीनशे दिनार देऊन निरोप दिला, असे रब्बींनीच लिहून ठेवले आहे. दिनार दिले, उत्तर दिले नाही. ते उत्तर आजही अवघड आहे. २०२३ आणि २०२४ ह्या दोन्ही वर्षी गाझातील युद्धामुळे खुद्द बेथलेहेमात, जन्ममंदिरासमोरच्या चौकात, नाताळची रोषणाई झाली नाही.

ह्या आक्षेपाचा सर्वांत बोलका दाखला पहिल्या महायुद्धात सापडतो, आणि गंमत अशी, की त्याच दाखल्यात आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनी ७ डिसेंबर १९१४ रोजी निदान नाताळपुरता तरी तोफांना विराम द्या अशी विनवणी केली. लढणारे बहुतेक राजे ख्रिस्ती. कोणीही ती मानली नाही. परंतु २४ डिसेंबरच्या रात्री बेल्जियम-फ्रान्सच्या सीमेवर जर्मन खंदकांच्या कडेवर इवलीशी नाताळझाडे पेटली. गीते सुरू झाली. पलीकडच्या इंग्रज खंदकांतून गीतांनी उत्तर आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आघाडीच्या कित्येक भागांत दोन्हीकडचे शिपाई हात रिकामे ठेवून मधल्या ओसाड पट्ट्यात उतरले. तंबाखू, बिस्किटे, कोटाची बटणे ह्यांची देवाणघेवाण झाली. पण सर्वांत आधी झाले ते प्रेतांचे दफन. कारण त्या पट्ट्यात आठवडेच्या आठवडे मृतदेह पडून होते. एका ठिकाणी दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी मिळून विधी झाला, आणि दाविदाचे तेविसावे स्तोत्र इंग्रजीत व जर्मनमध्ये म्हटले गेले.

त्या पट्ट्यात जर्मनांना भेटणाऱ्यांत हिंदी सैन्याची एक तुकडीही होती: ३९ व्या गढवाल रायफल्सची दुसरी पलटण. यशयाचे नावही ज्यांच्या कानी पडले नसेल असे ते पहाडी जवान! सर्वत्र असे घडले नाही. काही भागांत त्या दिवशीही गोळ्या सुटल्या आणि माणसे मेली. पुढे १० मार्च १९१५ रोजी नव शापेलच्या लढाईत ह्याच पलटणीचा गबरसिंह नेगी शत्रूचे खंदक जिंकताना धारातीर्थी पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि त्या वर्षीच्या नाताळात असला सलोखा पुन्हा होऊ नये म्हणून सेनापतींनी कडक हुकूम काढले. शिपायांना जी शांती एका रात्रीत सुचली, ती बंद पाडण्यासाठी लेखी आज्ञा काढावी लागली, ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्यासारखी वाटते.

सेनापतींनाही शांती हवीच असते. पण ती विजयानंतरची. ख्रिस्तजन्माच्या वेळी असलीच एक शांती जगावर राज्य करीत होती. लूकच्या शुभवर्तमानात जन्मकथेच्या आरंभी कैसर औगुस्त ह्याचे नाव येते, ते उगाच नव्हे. औगुस्ताने यादवी युद्धे संपविली म्हणून रोममध्ये 'शांतीची वेदी' उभारून इसवी सनापूर्वी ९ मध्ये तिची प्रतिष्ठापना झाली. पानाफुलांच्या आणि बालकांच्या नाजूक शिल्पांनी नटलेली ती संगमरवरी वेदी आजही रोममध्ये पाहावयास मिळते. त्याच वर्षी आशिया प्रांताने औगुस्ताच्या जन्मदिवशी नववर्ष सुरू करण्याचे ठरविले, आणि हा जन्म जगासाठी शुभवार्तांचा आरंभ आहे असे प्रियेने नगरात दगडावर कोरले. 'शुभवर्तमान' ज्या ग्रीक शब्दावरून आले, तोच शब्द त्या दगडावर आहे. ही शांती गालीलात कशी पोचली? इसवी सनापूर्वी ४ मध्ये हेरोद राजा मेल्यावर बंडे झाली. रोमन सुभेदार वारुस ह्याने नासरेथपासून तासादीडतासाच्या वाटेवरचे सेफोरिस नगर जाळविले आणि सुमारे दोन हजार माणसे क्रुसावर चढविली, असे योसेफस हा इतिहासकार सांगतो. बालयेशूच्या परिसरातली ही शांती! मेंढपाळांना देवदूतांनी पृथ्वीवर शांती असे गाऊन सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्यांनी मनात म्हटले असेल, की शांती तर कैसराने आधीच दिली आहे. आणखी ही दुसरी कोणती?

ह्या 'दुसरी कोणती' चे उत्तर आमच्या मते एका दगडावर सापडते. यरुशलेमच्या मंदिरात परराष्ट्रीयांना बाहेरच्या अंगणापर्यंतच मुभा होती. पुढे तीन हात उंचीची दगडी भिंत होती आणि तिच्यावर ग्रीक व लॅटिन भाषांत ताकीद: कोणाही परक्याने आत येऊ नये, सापडल्यास ओढवणाऱ्या मृत्यूस तो स्वतः जबाबदार. ह्या ताकिदीचा एक संपूर्ण ग्रीक दगड क्लेर्मोंत-गानो ह्या फ्रेंच विद्वानाला १८७१ मध्ये यरुशलेमात मिळाला. तो आता इस्तंबूलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. ही भिंत पौलाला चांगलीच ठाऊक होती. त्रफिम नावाच्या इफिसच्या ग्रीक मित्राला त्याने ह्या भिंतीपलीकडे नेले असा संशय घेऊन जमावाने त्याला मंदिरातून फरफटत बाहेर काढले. रोमन सरदार धावून आला म्हणून तो वाचला, पण बेड्यांत पडला. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (ते पौलाच्या एखाद्या शिष्याचे असावे असे काही पंडित मानतात) ख्रिस्तालाच शांती म्हटले आहे, कारण त्याने दोघांमधली आडभिंत पाडली. लेखकाच्या डोळ्यांसमोर तीच दगडी भिंत असावी, असे अनेक अभ्यासकांस वाटते.

कैसराची शांती भिंती बांधून टिकते. ह्या बालकाची शांती भिंती पाडीत येते. म्हणूनच ती संथ येते, आणि येताना धूळ उडविते. आपण शांती नव्हे तर तरवार आणली, असे ख्रिस्ताचे एक चमत्कारिक वचन मत्तयाने नोंदविले आहे. ते सैन्यांविषयी नाही, घराविषयी आहे: बाप आणि मुलगा, सासू आणि सून. रब्बी मोशे ह्यांचा आक्षेप त्यामुळे खोडला जात नाही, आणि तो खोडला जावा असे आम्हांस वाटतही नाही. चर्च स्वतःच नाताळापूर्वीचा आगमनकाळ पाळते तेव्हा झालेल्या आगमनाबरोबर अजून न झालेल्या दुसऱ्या आगमनाचीही वाट पाहते; म्हणजे भविष्य पुरे झालेले नाही, हे तिलाही मान्य आहे. आपल्या देशात तर काही ख्रिस्ती दफनभूमींतसुद्धा जातीची भिंत उभी राहिली. मेलेल्यांना कोणाचा विटाळ व्हावयाचा होता, ते बांधणारेच जाणोत.

महाराष्ट्राला ही घरातली तरवार चांगली परिचित आहे. कवी नारायण वामन टिळक ह्यांनी १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि एका चित्पावन घराचे दोन तुकडे झाले. लक्ष्मीबाई मुलासह नातलगांकडे राहिल्या. पुढे त्या पतीच्या गावी आल्या, तरी अन्नपाणी वेगळे, सोवळे वेगळे. ते सोवळे कसे एकेका पावलाने गळत गेले, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यांस सांगावयास नको. त्या घरातली भिंत बाहेरच्या कोणी पाडली नाही, आणि पतीनेही पाडली नाही. ती आतल्या बाईने आपल्या हातांनी, आपल्या वेळेने उतरविली. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक तेवढ्यावर थांबले नाहीत. १९१७ मध्ये, युरोपात ती लढाई चालूच असताना, मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना सारखीच जागा होती. दरबार रुजण्यापूर्वीच, १९१९ मध्ये, ते वारले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले होते. त्याचे जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि त्यांच्याही हातून राहिलेला शेवट मुलाने केला.