लाकडी डेक कुठून गळतो?

पुण्यात जुलै उजाडला की जुन्या घरांतील दारे चौकटीत अडकू लागतात. सुताराला बोलावले तर तो म्हणतो, "पाऊस संपू द्या, आपोआप सैल होतील." एप्रिलमध्ये त्याच दारांच्या फळ्यांत फटी दिसतात. दाराच्या बाबतीत हा नुसता त्रास आहे. लहान होडीच्या डेकची, म्हणजे वरच्या फळ्यांच्या तळजमिनीची, हीच हालचाल तिच्यातील माणसांच्या जिवावर बेतू शकते.

लाकूड म्हणजे बारीक, पोकळ पेशींचा जुडगा. या पेशींच्या भिंतींत पाणी शिरले की त्या जाड होतात आणि लाकूड फुगते. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी मुरले की भिंती तृप्त होतात; त्यापुढचे पाणी पोकळीत साठते, पण फुगणे थांबते. ही वाढ सगळीकडे सारखी नसते. लांबीत ती जवळजवळ शून्य असते, आणि वाढवलयांच्या कडेने होणारी वाढ त्रिज्येच्या दिशेतील वाढीच्या साधारण दुप्पट असते.

सागासारखे स्थिर लाकूडही तृप्त अवस्थेतून पूर्ण वाळताना वलयांच्या दिशेने सुमारे ६ टक्के आक्रसते. म्हणजे ओलाव्यातील ५ टक्के फरकाला १ टक्का. दहा सेंटिमीटर रुंदीच्या फळीत हा फरक १ मिलिमीटर होतो. आता दोन फळ्यांमधील सांधा ५ मिलिमीटर रुंद आहे असे माना. फळ्या आटल्या की तो ६ मिलिमीटर होणार. सांध्यात भरलेला पदार्थ २० टक्के ताणला गेला पाहिजे. कडक लांबी भरली असेल तर ती तडकणारच.

म्हणून सांध्यात रबरासारखा ताणला जाणारा पदार्थ भरतात. तरीही एक चूक वारंवार होते. हा पदार्थ दोन्ही बाजूंच्या फळ्यांना चिकटायला हवा, पण सांध्याच्या तळाला चिकटता कामा नये. तळही धरून ठेवला तर पदार्थाला मोकळेपणाने ताणता येत नाही आणि तो कडेने फाटतो. त्यासाठी आधी तळाशी न चिकटणारी अरुंद पट्टी घालतात.

लाकडाच्या हालचालीला वाव देण्याची कल्पना जुनी आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात सामील झाले. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत, आणि सांधे नारळाचे तंतू व नैसर्गिक राळ वापरून बंद केले आहेत. शिवण थोडी हलू शकते.

आता कुजण्याकडे वळू. लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजते. बुरशीला हवा, ऊब आणि साधारण २० टक्क्यांहून अधिक ओलावा लागतो. खारे पाणी तिला मानवत नाही. त्यामुळे समुद्रातल्या होडीच्या डेकलाही खरा धोका पावसाच्या गोड्या पाण्याचा असतो. हे पाणी फाटलेल्या सांध्यातून, स्क्रूच्या छिद्रातून आणि फळीच्या कापलेल्या टोकांतून शिरते. टोकाशी पेशींची तोंडे उघडी असल्याने तेथे ते फार वेगाने आत जाते. वर व्हार्निशचा जाड थर असेल तर शिरलेले पाणी लवकर बाहेर पडत नाही. वरून चकचकीत दिसणारी फळी आतून भुसभुशीत होते ती अशी.

मग लावावे काय? व्हार्निश पाण्याची ये-जा मंदावते, पण उन्हातील अतिनील किरण त्याला व त्याखालच्या लिग्निनला तोडतात. तडा दिसताच नवा हात द्यावा लागतो. इपॉक्सी अधिक घट्ट असते, पण तिलाही उन्हापासून आच्छादन लागते. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. ते पाणी कमी अडवते, पण आतल्या वाफेला वाटही देते. किनाऱ्यावर माशाचे तेल व काजूच्या टरफलाचे तेल होड्यांना लावतात, तेही वरचेवर. कोणताही लेप ओलावा कायमचा थांबवत नाही. म्हणून आधी टोके, छिद्रे आणि सांधे, मगच पृष्ठभाग.

वर्गात हे पडताळता येईल. एकाच पट्टीचे तीन सारखे तुकडे कापा. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्याची कापलेली टोके सोडून बाकी बाजू रंगवा. तिसरा सहाही बाजूंनी रंगवा. रंग वाळल्यावर वजन करा, तुकडे दगडाखाली पाण्यात बुडवा आणि आठवडाभर रोज पुसून वजन नोंदवा. नंतर ते सावलीत वाळत ठेवून नोंदी चालू ठेवा. दोन्ही आलेख शेजारी मांडा आणि विद्यार्थ्यांना विचारा: यांपैकी कोणत्या तुकड्याचा डेक तुम्ही आपल्या होडीला बसवाल?